एक वांगं, दोन पानं

बिलावर त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या म्हणून दिसल्या, एरवी दिसल्याही नसत्या. एण्णेगाई, 180 रुपये. भरली वांगी, 220 रुपये. दहा माणसांच्या बिलात चाळीस रुपयांचा फरक कोण बघतो? पण एण्णेगाई म्हणजेही भरलेलं वांगंच, आणि टेबलावर तोवर अर्धा तास वांग्यावरूनच बोलणं चाललं होतं, त्यामुळे दाजींचं बोट बरोबर तिथंच थांबलं. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो?"

मला अवघडल्यासारखं झालं त्याचं कारण वेगळं होतं. ते मेनू कार्ड मी छापलं होतं.

बेळगावात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, आणि गेली बरीच वर्षं हॉटेलांची मेनू कार्डं. कार्ड छापणारा माणूस त्या कार्डावरून जेवायला क्वचित बसतो. मी बसलो, आणि एका संध्याकाळी आपल्याच छपाईचा माल दुसऱ्या बाजूने बघायला मिळाला. हॉटेलचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. पुढे अण्णांनी जे केलं ते बघता मी त्यांना दोष देणार नाही. निदान सगळा तरी नाही.

कार्ड कसं झालं

हॉटेलच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. घराणं मूळचं उडुपीकडचं. वडिलांनी बेळगावात इडली-वडा-डोशाचं हॉटेल टाकलं, अण्णांनी ते वाढवलं. कोरोनानंतर वरचा मजला नव्याने केला, एसी बसवला आणि ठरवलं की खाली टिफिन आहे तसं चालू दे, वर मात्र शाकाहारी आणि 'प्रांतोप्रांतीचं' जेवण द्यायचं. पुणे–बेंगळूर हायवेवरून जाणारी कुटुंबं, चोर्ला घाट चढून बाजाराला येणारे गोव्याचे लोक, इथल्या मेडिकल आणि इंजिनियरिंग कॉलेजांत शिकणारी बाहेरची पोरं आणि त्यांना भेटायला येणारे आईबाप, असं सगळं गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. प्रत्येकाला आपल्या गावचं एक पान सापडलं पाहिजे, असं ते म्हणायचे.

पान म्हणजे शब्दशः पान. कार्ड आठ पानांचं. दक्षिण भारतीय, उत्तर कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात-राजस्थान, पंजाबी, मग चायनीज (आपल्याकडे तोही आता एक प्रांतच झालाय), शेवटी ज्यूस आणि आइस्क्रीम. भाषा तीन. बाहेरच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा 2024 साली झाला, तेव्हा तो बोर्डही आम्हीच बदलून दिला होता. आतल्या कार्डावर मात्र कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषा अण्णांनी आपणहून ठेवल्या. "वाचता आलं तर मागवतील," एवढंच त्यांचं म्हणणं.

कन्नड मजकूर नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, टाईप केलेला आला, तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा चुरा झाला आणि दोन दिवस त्यातच गेले. महाराष्ट्राच्या पानाचा मजकूर आलाच नाही. अण्णा म्हणाले, "तुमच्या लोकांचं काय काय असतं ते तुम्हीच एका पानावर बसवा की." मी ताईला फोन लावला. तिने भांडी घासत घासत पंधरा मिनिटांत चौदा नावं सांगितली: भरली वांगी, पिठलं, थालीपीठ, मटकीची उसळ, पाटवडी रस्सा, पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी वगैरे. मी ती बसवली. हे पदार्थ आत कोण करणार, कसं करणार, हे मी विचारलं नाही. प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं, ते रेट भरून परत आलं, मी रेट तपासले. तपासले म्हणजे त्यांनी लिहिलेला आकडा आणि मी टाकलेला आकडा एकच आहे ना, इतकंच. आधीच्याच पानावर 180 ला गेलेलं वांगं इथं 220 ला का, असला प्रश्न प्रूफ बघणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. यायला हवा होता, असं आता म्हणता येतं.

टेबल

प्रसंग असा. माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा बैलहोंगलचा, घरची भाषा कन्नड, लिंगायत कुटुंब, पूर्ण शाकाहारी. आमचं मूळ खानापूर तालुक्यातलं, आणि आमच्यात रविवारी मटण नसलं तर घरात कोणी आजारी आहे की काय असं वाटतं. सुपारी फुटायच्या आधी दोन्ही घरांनी एकदा निवांत जेवावं असं ठरलं, म्हणून हे हॉटेल. व्याह्यांना कन्नडमध्ये बीगरु म्हणतात. तो शब्द आमच्या घरात पहिल्या आठवड्यातच रुळला. आई तर मराठीत बोलतानाही "बीगरु कधी येणार?" असंच विचारायला लागली.

बसल्याबसल्या पोरांनी गोबी मंचुरी मागवली. प्रांतोप्रांतीच्या जेवणाची सुरुवात सगळीकडे अशीच होते. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, तेव्हापासून ती विटकरी-तपकिरी येते आणि पोरं दर वेळी "लाल का नाही?" म्हणून कुरकुरतात. ती आली, संपली. मग मोठ्यांनी कार्ड हातात घेतलं.

दाजींनी दोन्हीकडचा मान राखायचा म्हणून पान बघून ऑर्डर दिली. बीगरुंसाठी उत्तर कर्नाटकच्या पानावरून एण्णेगाई, झुणका आणि जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी. पुण्याच्या पाहुण्यासाठी महाराष्ट्राच्या पानावरून भरली वांगी आणि चपाती. एका लग्नात दोन राज्यं सांभाळायची तर असंच करावं लागतं, असं त्यांना वाटलं असणार.

एण्णेगाई आली स्टीलच्या वाडग्यात. भरली वांगी आली तांब्याच्या मुलाम्याच्या छोट्या हंडीत, वर ओल्या खोबऱ्याचा कीस आणि कोथिंबीर. रोट्टीबरोबर ताटात कच्ची मेथी, कांदा, काकडीची फोड, शेंगा चटणी आणि घट्ट दही.

आधी आईच्या लक्षात आलं. तिने हंडीतलं एक वांगं चमच्याने आपल्या ताटात घेतलं, देठ धरून उघडलं आणि आतल्या सारणाला बोट लावलं. सारणात काळे बारीक कण होते. कारळ. भाजून भरड कुटलं की ते असं दिसतं, तिळासारखं पण काळंभोर, आणि जिभेवर किंचित कडसर लागतं. मग तिने वाडग्यातलं वांगं घेतलं. तेही उघडलं. तेच कण, तसाच चार चिरा दिलेला काप, तेलाची तशीच तांबूस कड. ती काही बोलली नाही, फक्त दोन्ही वांगी ताटात शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "हे तेच की गा."

बीगरुंनी दोन्हीतलं थोडं थोडं रोट्टीच्या तुकड्यावर घेतलं, शांतपणे चावलं आणि म्हणाले, "एरडू ओंदे री." दोन्ही एकच. वर हसून, "इदरागं बेल्ला जास्ती." ह्यात गूळ जास्त.

पुण्याच्या भावाला हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. त्याच्या मते त्याला भरली वांगी म्हणून दुसरंच काही वाढलं गेलं होतं. गोडा मसाला नाही, दगडफुलाचा वास नाही, रस नाही, आणि नुसतं तेल. "ही फसवणूक आहे," तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. बीगरुंच्या सौभाग्यवती ताटाकडे बघत बसल्या, भाची लाल झाली. मुलगा बिचारा "भाजी चांगलीये पण" म्हणाला, त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. मग बिल आलं आणि त्या दोन ओळी.

अण्णा आले. मराठी, कन्नड आणि तुळू, तिन्ही भाषांत सारख्याच नम्रतेने बोलणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "साहेब, ते पान ह्यांनीच केलंय."

खरंच होतं ते.

आत

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी उतरल्यावर, मी त्यांच्या मुदपाकखान्यात गेलो. कार्डाचा मजकूर पुढच्या वेळी तरी नीट व्हावा, असं निमित्त.

मोठ्या हॉटेलात भाजी ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून करत नाहीत. वीस मिनिटांत ताट टेबलावर जायचं तर ते शक्यच नाही. सकाळी तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात: टोमॅटोची लाल, कांद्याची पिवळी, काजू-मगजाची पांढरी. पुढे दिवसभर ह्या तिघींच्या प्रमाणावर आणि वरच्या मसाल्यावर पंजाबी पान चालतं, गुजरात-राजस्थानचंही निम्मं. पनीर बदलतं, नाव बदलतं, बाई तीच. शेजारच्या टेबलावर आदल्या रात्री एक जैन कुटुंब कांदा-लसूण नको म्हणून विचारत होतं आणि वेटर एकामागून एक भाजीला "ते नाही जमणार" म्हणत होता, त्याचा उलगडा मला इथं झाला. कांदा पातेल्यातच पडलेला असतो, ऑर्डर यायच्या आधी आठ तास. आमच्या जिल्ह्यात शेती करणारे जैन गावोगाव आहेत, तरी हे असं.

वांग्याचं खातं वेगळं होतं, तिथं ग्रेव्ही नव्हती. ते रामदुर्गकडच्या एका अक्कांकडे होतं. त्या रोट्ट्या थापतात आणि उत्तर कर्नाटकचं पान बघतात. सकाळी शेंगदाणे, तीळ आणि कारळ वेगवेगळं भाजून, कुटून, त्यात सुकं खोबरं, लसूण, मिरचीपूड, चिंच, थोडा गूळ. वांगी भरून जाड बुडाच्या कढईत तेलावर मंद शिजवतात, पाणी जेमतेम. कढई दुपारी एक, संध्याकाळी एक. ऑर्डर आली की त्यातली चार वांगी काढून पॅनमध्ये गरम करायची.

"आणि भरली वांगी?" मी विचारलं.

अक्कांनी शेगडीशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. खिळ्यावर केओटीच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. वेटर ऑर्डर घेतो ती ज्या चिठ्ठीवर आत येते, ती केओटी. मी वरच्या पाच-सहा बघितल्या. "बदनेकाई 1." "बदनेकाई 2." आणि मधूनच "बदनेकाई 1 + बेल्ला + हंडी." बदनेकाई म्हणजे वांगं. कार्डावर मी दोन नावं दोन पानांवर, दोन फॉन्टांत, दोन रंगांत छापली होती. आत शिरताना वेटर ती दोन्ही पुसून टाकत होता आणि भाजीचं नाव तेवढं ठेवत होता.

"मराठी लोकांनी मागितलं तर गूळ थोडा जास्त घाल, खोबरं टाक, असं सांगितलंय. मी घालते," अक्का म्हणाल्या. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. पुण्याकडची भरली वांगी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. त्यांना ती करायला कोणी शिकवलीही नव्हती.

फरक कुठे आहे, कुठे नाही

आता खरा प्रश्न. ही दोन वांगी वेगळी असतात का?

पुण्याची असतात. तिथं गोडा मसाला हवा. त्यात धने-तीळ-खोबऱ्याबरोबर दगडफूल आणि नागकेशर असतं, आणि त्या वासावरच ती भाजी ओळखू येते. चिंच-गुळाचा गोडसर रस हवा, चपाती बुडेल इतका. एण्णेगाईत 'एण्णे' म्हणजे तेल आणि 'काई' म्हणजे फळभाजी. नावातच तेल आहे. रस्सा नाही, सारण वांग्याला धरून बसलेलं, आणि शेजारी रोट्टी. रोट्टी बिसी म्हणजे गरम-मऊ घ्या, नाहीतर खडक, पापडासारखी वाळवलेली. हा 'खडक' म्हणजे आपला कडक. कानडीत गेला आणि तिथलाच झाला.

पण आमच्या खानापूरच्या घरातली भरली वांगी कुठली? आई गोडा मसाला वापरत नाही, आमच्या फडताळात तो कधी नव्हताच. ती शेंगदाणे, तीळ, लसूण आणि संकेश्वरी मिरचीची पूड घालते, तेल सुटेपर्यंत परतते आणि खाली भाकरी देते. कारळाची चटणी आमच्यात असते, वांग्यात कारळ नसतं. म्हणजे आईच्या वांग्यात आणि बैलहोंगलच्या वांग्यात कारळाचं अंतर. आईच्या आणि पुण्याच्या वांग्यात मात्र मसाल्याचं, रसाचं, गोडीचं, भाकरी-चपातीचं, सगळंच अंतर. बैलहोंगल बेळगावपासून तासाभरावर आहे. पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वांगं हे अंतर बरोबर ओळखतं. कार्ड ओळखत नव्हतं, कारण मी ते भाषेने वाटलं होतं. मराठी बोलतात त्यांचं एक पान, कानडी बोलतात त्यांचं दुसरं.

आणि भाषेनेही नीट नाही, राज्याने. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो चंदगड तालुका वगळून. चंदगड राहिला तिकडे, पुढे महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. माझी आत्या चंदगडला दिलेली. तिचं वांगं आणि आईचं वांगं एकाच आजीकडून आलेलं आहे. माझ्या कार्डाप्रमाणे आत्याचं वांगं 220 रुपयांचं आणि आईचं 180 चं.

त्या रात्री लाल पेन घेऊन कार्डाची जुनी प्रत वाचली. एकदा दिसायला लागलं की दिसतच जातं. झुणका उत्तर कर्नाटकात 130, तोच जरा पातळ करून पिठलं महाराष्ट्रात 160. इकडे तालिपट्टु, तिकडे थालीपीठ. इकडे उसुळी, तिकडे उसळ. होळीगे आणि पुरणपोळी, आणि त्याबरोबरची आमटी तर बघण्यासारखी: आपण कटाची आमटी म्हणतो, ते कट्टिन सारु म्हणतात, कट दोघांचा. पाच जोड्या निघाल्या, आणि पाचही ठिकाणी महाराष्ट्राचं पान महाग. मराठी माणूस म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो.

अण्णांची बाजू

मी त्यांना सरळ विचारलं. आत एकच कढई असेल तर बाहेर दोन भाव का?

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. एण्णेगाईचा भाव त्यांच्या हातात नाही, असं त्यांचं म्हणणं. गावात खानावळी आहेत. (खानावळ हा शब्द कानडीने आपल्याकडूनच घेतला. 'लिंगायत खानावळी' असा बोर्ड बेळगावपासून हुबळीपर्यंत दिसतो.) तिथं रोट्टी, एण्णेगाई, काळू-पल्ले म्हणजे कडधान्य-पालेभाजी, भात-सार आणि ताक असं पोटभर जेवण जेवढ्यात मिळतं, तेवढा इथल्या माणसाच्या डोक्यात त्या वांग्याचा भाव बसलाय. एसीत बसवून 180 लावले तरी तो कार्ड बघून एकदा भुवई उचलतो. 200 लावले तर उठून जाईल. भरल्या वांग्याला असा गावातला भाव नाही. ते मागवणारा हायवेवरचा, तो 220 ला हूं की चूं करत नाही. "मी वांग्याचे पैसे नाही वाढवले, पानाचे वाढवले," ते म्हणाले.

धंद्याचं गणित म्हणून हे मला पटलं. रोजच्या अन्नाला गावात भाव मिळत नाही, तेच लांबून आल्यासारखं दाखवलं की मिळतो. पण गिऱ्हाईकाने हंडी, चमचाभर खोबरं आणि गुळाचा खडा यांचे चाळीस रुपये मोजायचे, आणि वर त्याला पुण्याचं वांगंही मिळायचं नाही, हे मला तेव्हाही बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. चव एकसारखी असण्यात पाप काही नाही, या भागात ती तशीच असणार. खोट होती ती भावात आणि पानाच्या मथळ्यात. मथळा मी दिला, भाव त्यांनी.

मग अण्णांनी मला एक ऐकवलं, ते अजून डोक्यात आहे. "तुम्हाला एका वांग्याला दोन नावं खुपली. माझं उलट आहे. आमच्या उडुपीच्या सांबारात खोबऱ्याचं वाटण आणि गूळ असतो, मठातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. मद्रासकडचं सांबार वेगळंच. तुमच्या कार्डावर दोन्ही मिळून 'दक्षिण भारतीय', एक पान, एक शब्द. पन्नास वर्षं बेळगावची माणसं माझ्या बापाला सांगतात, सांबार गोड आहे, बिघडलंय काय? त्याची तक्रार मी कुठल्या बिलावर करू?"

मी चहा संपवला.

दुसरं कार्ड

कार्ड बदलायचं ठरलं. मी सुचवलं की राज्यं काढून टाकू आणि जेवणाऱ्याच्या हिशोबाने पानं करू: भाकरीबरोबरचं, चपातीबरोबरचं, भाताबरोबरचं, मधल्या वेळचं. घरी आपण स्वयंपाक ठरवतो तो असाच. भाकरी टाकायची म्हटलं की भाजी आपोआप ठरते. अण्णांना ते आवडलं पण झेपलं नाही. बाहेरचं गिऱ्हाईक पानावर 'महाराष्ट्र' हा शब्द शोधतं, तो नाही दिसला तर पनीर मागवून मोकळं होतं. वेटरांनीही तेच सांगितलं, आणि माझ्यापेक्षा ते दिवसातून जास्त वेळा टेबलापाशी उभे राहतात.

शेवटी निम्मं त्यांचं, निम्मं माझं झालं. पहिलं पान 'बेळगाव भागातलं'. त्यावर पाचही जोड्या एकेका ओळीत, दोन्ही नावांनी, एका भावात. वांग्याचा भाव 190 ठरला. खाली बारीक अक्षरात, कशाबरोबर चांगलं लागतं ते. महाराष्ट्राचं पान राहिलं, पण चौदाचे सहा पदार्थ झाले, आत खरोखर वेगळे होतात तेवढेच. पाटवडी रस्सा मीच काढायला लावला. तो लाल ग्रेव्हीत बुडवलेला बेसनाचा तुकडा होता, दुसरं काही नाही. सांबारापुढे कंसात 'उडुपी पद्धत' आलं. हे अण्णांनी मागितलं नव्हतं. प्रूफमध्ये बघून ते काही बोलले नाहीत, फक्त त्या ओळीखाली टिक केली.

वेटरना एक सांगितलं गेलं: वांगं मागवलं की "भाकरी की चपाती?" हे विचारायचं, आणि पाहुणा गोडा मसाल्याचं शोधत असेल तर ते इथं मिळत नाही हे तोंडाने सांगायचं. नाही म्हणायला वेटरला कोणी शिकवत नाही. पहिले पंधरा दिवस त्यांची जीभ अडखळत होती.

तीन महिन्यांनी विचारलं तर उत्तर मिश्र होतं. हंडीची विक्री अर्थात गेली. काही जण "महाराष्ट्रीयन थाळी नाही का?" विचारून नाराज होतात. पहिल्या पानावरचं बरंचसं भाकरीबरोबरचं असल्यामुळे भाकरीची मागणी एवढी वाढली की रात्री नऊनंतर ती संपायला लागली. एकट्या अक्का किती थापणार? संध्याकाळसाठी सौंदत्तीकडची आणखी एक बाई ठेवावी लागली, आणि वाढलेला पगार वांग्याच्या दहा रुपयांतून निघत नाही, असं अण्णा मला दर वेळी ऐकवतात. पुण्याच्या भावाला मी नवं कार्ड पाठवलं. त्याचं म्हणणं, 190 तरी का?

भाव, पानं, मजकूर हे सगळं दोन दिवसांत ठरलं. प्रूफं गेली ती दुसऱ्याच गोष्टीवर. एका ओळीत दोन नावं, तर आधी कुठलं? एण्णेगाई आधी टाकलं तर मला चुटपुट, भरली वांगी आधी टाकलं तर बोर्ड बघायला येणारा एखादा कार्डही उचलून बघेल, ही अण्णांना भीती. वरखाली करून बघितलं, आडवी रेघ देऊन बघितलं. तिसऱ्या प्रूफला अण्णा वैतागले. "मधे वांग्याचं चित्र टाका आणि दोन्हीकडे दोन नावं लिहा."

मी नेटवरून एक सुंदर वांगं उतरवलं, लांबट, जांभळं, आरशासारखं चकचकीत. प्रूफ घेऊन गेलो तेव्हा अक्का रोट्ट्या थापत होत्या. त्यांनी पिठाचा हात न लावता मान वाकडी करून बघितलं. "हे कुठलं? हे भरता येत नाही," म्हणाल्या, आणि खालच्या टोपलीकडे मान उडवली. टोपलीत होती ती हिरवट, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे असलेली, मुठीत मावतील अशी. त्यातली दोन पोत्यावर ठेवून मी मोबाईलवर फोटो काढला. एकाच्या देठाशी किडीचं बारीक भोक आहे. छपाईआधी ते काढून टाकू का, असं मी विचारलं.

"राहू दे," अक्का म्हणाल्या, "भरताना मी ते बाजूला काढतेच की."

कार्डं ऐंशी काढली, लॅमिनेशनसकट.